प्राग, पायदळ : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

मागच्या अंकात मी लेकीकडे चेक देशातल्या प्रागला घालवलेल्या दोन महिन्यांवर लिहिलं होतं. हरभरा घरात आला की निघालो आणि मृगाच्या आत परतलो, कारण पेरणी काही व्हिसा पाहत नाही. त्या लेखावर बरीच पत्रं आली. काहींनी विचारलं, हिंगणघाटकडचा कास्तकार प्रागबद्दल काय सांगणार? रास्त आहे. मी पायदळ फिरलो तेवढंच सांगतो.

प्रश्न : टूरवाले प्राग अर्ध्या दिवसात उरकतात. आम्ही दोघं मुलाकडे आठ दिवस राहणार आहोत. कोणते भाग पाहावे आणि सुरुवात कुठून करावी? (दारव्ह्याचे एक निवृत्त गुरुजी)

गुरुजी, प्राग हे एक शहर आहे, हे आधी डोक्यातून काढा. वल्तावा नदीच्या दोन्ही काठांना मिळून चार शहरं होती. एका काठाला जुनं शहर आणि नवं शहर, समोरच्या काठाला माला स्त्राना, आणि तिच्या वर किल्ल्याला लागून ह्रादचानी. चौघांचा कारभार चार ठिकाणी. सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ साली ती एक केली. पण अजूनही गल्ली ओलांडली की शीव ओलांडल्यासारखं वाटतं. घरांची उंची बदलते, रस्त्याची रुंदी बदलते, माणसांची चालही बदलते. म्हणून एका दिवशी एकच भाग धरा.

सुरुवात नव्या शहरापासून करा. नाव नवं, वय पावणेसातशे. राजा चौथ्या कार्लनं १३४८ मध्ये ते वसवलं आणि वसवताना तीन बाजारांसाठी जागा राखली : घोड्यांचा, गुरांचा आणि गवताचा. हे कळलं आणि माझं सगळं प्राग बदललं. ज्याला आज वात्सलाव चौक म्हणतात, जिथं नोव्हेंबर १९८९ मध्ये लोकांनी गर्दी करून सरकार पाडलं, तो मूळचा घोडेबाजार. चौक म्हणजे आपल्यासारखा चार रस्त्यांचा नव्हे, पाऊण किलोमीटर लांब पट्टा आहे. एका टोकाला राष्ट्रीय संग्रहालय, त्याच्यापुढं घोड्यावर बसलेला संत वात्सलाव. बाजार गेला, घोडा तेवढा राहिला, असं मी लेकीला म्हणालो. ती म्हणाली, बाबा, तो संत आहे.

तिथून दहा-पंधरा मिनिटांवर कार्ल चौक. हा गुरांचा बाजार. आता त्यात मोठमोठी झाडं, बाकं आणि मधून ट्रामचे रूळ. बहुतेक प्रवासी ट्राम बदलून पुढं जातात. मी दोन तास बसलो. आमचे वडील बैलबाजारात मला घेऊन जायचे. बैलाचा ओठ वर करून दात मोजायचे, मग दुपट्ट्याखाली व्यापाऱ्याची बोटं धरून मुकाट्यानं भाव ठरायचा. मी मनातल्या मनात तिथं बंड्या सोडून पाहिल्या. पाणी कुठं पाजत असतील, शेणाचं काय करत असतील? अर्धा किलोमीटरहून लांब बाजार आहे तो! आपला बैलबाजार त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. गवताच्या बाजाराचं आजचं नाव सेनोवाझ्ने, त्यातही गवत दडलेलं आहेच. जुन्या शहरात फळांचा बाजार, कोळशाचा बाजार अशी नावं अजून पाट्यांवर आहेत. हावेलच्या बाजारात अजूनही भाजी आणि फळं विकतात, पण भाव प्रवाशांचे, खेळणी आणि चुंबकांचा पसारा जास्त. आमच्या घरची तिथं संत्र्यांचा भाव ऐकून एवढंच म्हणाली, “चला.”

जुन्या शहराचं ते १४१० चं घड्याळ एकदा पाहा. तासाला खिडक्या उघडतात, पुतळे फिरतात, मिनिटभरात आटोपतं. खाली हजार मोबाइल वर. घड्याळ आकाशाचं आहे. सूर्य-चंद्र कोणत्या राशीत आहेत ते त्यावर दिसतं, पण पंचांग वाचता येणाऱ्या माणसालासुद्धा गर्दी ते वाचू देत नाही. कार्ल पुलावर मात्र पहाटे जा. १३५७ मध्ये पायाभरणी झालेला दगडी पूल, कठड्यांवर तीस पुतळे. सहा वाजता मी, दोन झाडूवाले आणि एक नवरानवरीचा फोटो काढणारा, एवढेच होतो. संत नेपोमुकच्या पुतळ्याखालचा पितळी भाग लोकांच्या हातांनी सोन्यासारखा पिवळा झालाय, बाकी सगळा काळा. देवळातल्या नंदीची शिंगं आठवली.

प्रश्न : दोन्ही गुडघे कुरकुरतात. तिथं सगळा चढउतार आहे म्हणे. जाऊ की नको? (आर्वीच्या एक ताई)

जा ताई. पण चढू नका, उतरा. बावीस नंबरची ट्राम धरा, ती किल्ल्याच्या मागून वर नेते. पोहोर्झेलेत्स थांब्यावर उतरा. या नावाचा अर्थ आगीत घर गेलेला, आपल्या भाषेत जळीतग्रस्त. ही वस्ती एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा जळली. तिथून ह्रादचानी, मग किल्ला, मग नेरुदोव्हा रस्त्यानं हळूहळू माला स्त्रानात खाली. वाटेत बसायला जागा मिळते.

नेरुदोव्हा रस्ता घाईनं उतरू नका, दारांच्या वर पाहा. १७७० च्या आधी घरांना नंबरच नव्हते, चिन्हं होती : दोन सूर्यांचं घर, लाल कोकराचं घर, सोन्याच्या नालाचं घर, तीन व्हायोलिनांचं घर. शेवटच्या घरात खरोखर व्हायोलिन करणारे राहत. दोन सूर्यांच्या घरात यान नेरुदा हा लेखक राहायचा, रस्त्याचं नाव त्याच्यावरून. आपल्याकडे चिंचेवाल्यांचं घर, आडाजवळचं घर म्हणतो तसंच. त्यांनी फक्त ते रंगवून भिंतीत बसवलं.

चपला नेऊ नका, जाड तळव्याचे बूट न्या. रस्ते दगडी चौकोनांचे आहेत, पावसात निसरडे होतात. आणि कागदी तिकीट काढलं तर ट्राममधल्या पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. मी तिकीट काढून ते खिशात जपून ठेवलं. तपासनीस आला, मी अभिमानानं दाखवलं. दंड भरला. चूक माझीच, कोणाला काय म्हणणार.

प्रश्न : मुलीनं पत्ता पाठवला आहे, त्यात घराचे दोन नंबर तिरपी रेघ देऊन लिहिले आहेत. फ्लॅटचा नंबर कोणता? (पुलगाव)

दोन्ही नाही. तिथं प्रत्येक दारावर दोन पाट्या असतात, एक लाल आणि एक निळी. लाल नंबर म्हणजे त्या भागात घराची नोंद ज्या क्रमानं झाली तो. आपल्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठसारखं समजा : पंधरा नंबरच्या शेजारी दोनशे चाळीस असू शकतो. १७७० मध्ये हे नंबर पाडले ते मुख्यतः सैन्यभरतीसाठी. पुढं रस्त्यानं घर सापडेना, म्हणून निळे नंबर आले. ते रस्त्याच्या सुरुवातीपासून ओळीनं जातात, एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. पहिल्या दिवशी मी लाल पाट्या वाचत लेकीच्या घरावरून तीनदा गेलो. ती गॅलरीतून हसत होती. तेव्हा चालताना निळी पाटी वाचा. लाल पाटीवर त्या भागाचंही नाव असतं, वस्ती बदलली हे कळायला तिचा फार उपयोग.

प्रश्न : आम्ही माळकरी. खायचं काय? (अचलपूर)

ज्वारीचं पीठ न्या, हे पहिलं. बाहेर स्माझेनी सीर मिळतो, म्हणजे चीजचा जाड तुकडा अंड्यात आणि पाव-चुऱ्यात घोळून तळलेला, तो आपल्याला चालत नाही, सोबतचे बटाटे तेवढे घ्या. सोबतची चटणीही अंड्याची असते, ती नको म्हणा. क्नेडलिक म्हणजे पिठाचा लांबट गोळा वाफवून दोऱ्यानं कापलेल्या चकत्या. घरी अंड्याशिवाय करायला सोपा, मात्र हॉटेलात बहुतेक मांसाच्या रश्शाबरोबर येतो. “बेझ मासा” म्हटलं की त्यांच्या भाषेत मांसाशिवाय. आमची घरची दोन दिवस घाबरून होती, हा माणूस मासे का मागून राहिला म्हणून. सूप मात्र विचारूनच घ्या, बटाट्याच्या सूपमध्येही हाडांचं पाणी असतं.

प्रश्न : ज्यूंच्या वस्तीत नातवंडांना न्यावं का? (वरोरा)

दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील तर न्या. शनिवारी तिथली प्रार्थनाघरं आणि स्मशान बंद असतात. वस्तीचं नाव योसेफोव्ह, त्या दुसऱ्या जोसेफवरूनच. आज तिथं सगळ्यात महागडी दुकानं दिसतील, कारण मूळ वस्तीतलं फारसं काही राहिलंच नाही. १८९३ च्या कायद्यानं दाट, ओली, अंधारी घरं पाडून रुंद रस्ते काढले. राहिली ती काही प्रार्थनाघरं, त्यांचा नगरभवनाचा मनोरा आणि स्मशान. मनोऱ्याच्या खाली एक घड्याळ हिब्रू अक्षरांचं आहे, त्याचे काटे उलटे फिरतात, कारण ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते. पोरांना हे फार आवडतं. धरणात गाव गेल्यावर नुसतं देऊळ नव्या गावठाणात आणून ठेवतात, तसं मला तिथं वाटत राहिलं. पण इथं उरलेलं जागेवर आहे, गावच उचललं गेलं.

स्मशानात सुमारे बारा हजार दगड दिसतात. पंधराव्या शतकापासून १७८७ पर्यंत दफनं झाली. जागा वाढवून मिळेना, आणि धर्मानं कबर उकरता येत नाही, म्हणून वर माती टाकून पुन्हा दफन, पुन्हा माती. खालचे दगड वर काढून नव्या दगडांशेजारी रोवले. म्हणून ते असे एकमेकांना टेकलेले, वाकडे, वादळानं आडव्या पडलेल्या पऱ्हाटीसारखे. जमीन बाहेरच्या रस्त्याहून वर आली आहे. दगडांवर लोक लहान खडे ठेवतात, फुलं नाहीत.

शेजारच्या पिंकास प्रार्थनाघराच्या भिंतींवर नावं आहेत. नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतल्या सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार माणसांची, हातानं रंगवलेली. आडनाव लाल, नाव-तारखा काळ्या, गावागावाप्रमाणे. मी एका गावाच्या नावांपुढं उभा राहिलो. छोटंच गाव होतं, आमच्या गावाएवढं असावं. एकाच आडनावाची ओळीनं सात-आठ नावं. वरच्या मजल्यावर मुलांनी छावणीत काढलेली चित्रं आहेत. तिथून बाहेर आल्यावर नातवंडांना लगेच आइस्क्रीम घेऊन देऊ नका, थोडं बसू द्या.

प्रश्न : आमच्या बाबांची जुनी येझ्दी अजून गोठ्यात उभी आहे. ती तिकडचीच ना? (समुद्रपूर)

मूळ तिकडचं. यानेचेक नावाच्या प्रागच्या कारखानदारानं १९२९ मध्ये जावा सुरू केली, यानेचेकचं ‘जा’ आणि वांडरर या जर्मन गाडीचं ‘वा’. म्हैसूरला त्या परवान्यावर गाड्या निघू लागल्या, पुढं त्यांचंच नाव येझ्दी झालं. जुन्या गाड्या पाहायच्या तर लेत्ना भागातल्या राष्ट्रीय तंत्र संग्रहालयात जा. आणि पायातला बाटाही चेकच बरं का, झ्लिन गावचा. त्याची काचेची इमारत घोडेबाजारातच उभी आहे.

प्रश्न : जिथं प्रवासी जात नाहीत अशी एखादी वस्ती? (राळेगाव)

विनोह्रादी, म्हणजे द्राक्षमळे. १९२२ पर्यंत हे वेगळं शहर होतं. मळे गेले, उंच देखणी घरं आली, पण ग्रेबोव्का बागेच्या उतारावर अजून वेली आहेत. त्या पाहून नाशिकच्या लोकांना काही वाटणार नाही, मला वाटलं. इथल्या मीर चौकाचं मेट्रो स्टेशन त्रेपन्न मीटर खोल. सरकता जिना सत्त्याऐंशी मीटरचा. आमच्या विहिरीला पंचेचाळीस फुटांवर खडक लागला होता. जिन्यावर आमची घरची माझा हात सोडायला तयार नव्हती. शेजारीच झिझकोव्ह, जुनी कामगारांची वस्ती, तिथल्या टीव्हीच्या मनोऱ्यावर रांगणारी मोठी बाळं चिकटवलेली आहेत. का, ते विचारू नका.

पण एकच निवडायची तर विशेह्राद. नदीच्या वर खडकावर जुना कोट, आत स्मशानात द्वोरझाक आणि स्मेताना हे संगीतकार. दंतकथा सांगते, लिबुशे नावाची राणी इथं होती. तिनं माणसं धाडली, की अमुक ठिकाणी एक जण घराचा उंबरठा घडवताना दिसेल, तिथं शहर बांधा. उंबरठ्याला त्यांच्या भाषेत प्राह म्हणतात, म्हणून शहर प्राहा. नवरा कोण करायचा, तेही तिनंच ठरवलं : वावरात दोन बैलांचा नांगर हाकणारा प्शेमिस्ल. दूत राजवस्त्र घेऊन आले तर तो म्हणाला, तुम्ही लवकर आलात. एवढं नांगरून होऊ दिलं असतं, तर या देशाला भाकरीची कधी कमी पडली नसती. मग त्यानं बैल सोडले आणि बैल दिसेनासे झाले. राजवाड्यात तो जुने जोडे घेऊन गेला, पोराबाळांनी विसरू नये म्हणून.

त्या बागेत दोघांचा दगडी पुतळा आहे. लेकीनं ही गोष्ट पुतळ्यासमोर सांगितली. गावाकडे त्याच दिवशी वखराची पाळी घालायची होती आणि भावाचा फोन येऊन गेला होता. आमच्या घरचीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ते वावर कोणी नांगरलं?”