वाचकांचे प्रश्न : प्रेमचंद रायचंद, राजाबाई टॉवर आणि १८६५ची बुडीत

प्रेमचंद रायचंद कफल्लक झाले होते असे वाचले. मग राजाबाई टॉवर कुणाच्या पैशाने उभा राहिला? (पुणे)

मुख्यतः त्यांच्याच, म्हणजे मुंबईचे कापूस आणि शेअर दलाल प्रेमचंद यांच्याच. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की कोडे सुटते. ऑगस्ट १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये देऊ केले आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे ही त्यांची इच्छा होती. बाजार कोसळला जुलै १८६५ मध्ये. बांधकाम सुरू झाले १ मार्च १८६९ रोजी आणि संपले नोव्हेंबर १८७८ मध्ये. खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला, त्यात मोठा वाटा या देणगीचा. म्हणजे पहिला दगड बसला तेव्हा देणाऱ्याची पेढी बसून तीनेक वर्षे झाली होती. संस्थेच्या हवाली केलेले पैसे देणाऱ्याच्या चोपडीत उरत नाहीत, त्यामुळे धनको त्यावर हात ठेवू शकत नाहीत.

ओव्हल मैदानाकडून मनोरा पाहाल तेव्हा घड्याळावर थांबू नका. कोपऱ्यांवर आणि वरच्या टप्प्यात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. ते घडवले सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. २८० फुटांच्या या इमारतीचा आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. त्यामुळे त्या दगडात इथली माणसे दिसतात याचे श्रेय मुकुंद रामचंद्रांना द्यायला हवे, आणि ते फार थोड्या वेळा दिले जाते.

एवढा हुशार माणूस बुडाला कसा? (कोल्हापूर)

प्रेमचंद १८३१ साली सुरतेत एका साध्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मले. वडिलांबरोबर मुंबईत आले, एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि ऐन विशीत दलालीत उतरले. इंग्रजी जाणणारा पहिला देशी दलाल अशी त्यांची ख्याती. याचा उपयोग रोजचा होता : गोऱ्या बँकवाल्यांशी आणि कापूस कंपन्यांशी ते दुभाष्याशिवाय बोलत. सौदे वहीत न टिपता डोक्यात ठेवत. आगबोट धक्क्याला लागण्याआधी समुद्रात होडी पाठवून लिव्हरपूलचा कापसाचा भाव काढून आणत, असेही सांगतात.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. ७८४ पौंडांच्या खंडीचा भाव तिपटीच्या पुढे गेला. मुंबईत आलेला हा पैसा गुंतवायला कारखाने पुरेसे नव्हते, म्हणून रोज नव्या बँका, नव्या कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या.

खरी गोम तीन गोष्टींत होती. पहिली, अर्धवट भरलेले शेअर, म्हणजे किमतीचा काही भागच आधी भरायचा, बाकी कंपनी मागेल तेव्हा. समुद्र हटवून जमीन काढायला निघालेल्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,०००पर्यंत चढला, पण जमीन अजून पाण्याखालीच होती. दुसरी, तारणाची साखळी. शेअर बँकेत ठेवायचा, कर्ज उचलायचे, त्यातून आणखी शेअर घ्यायचे आणि तेही तारण ठेवायचे. भाव दुप्पट झाला की तारण दुप्पट दिसते, म्हणून बँक आणखी देते. भाव वाढवणारा पैसा मात्र त्याच बँकेतून आलेला असतो. बँक ऑफ बाँबेवर कर्ज देण्याची जुनी बंधने १८६३च्या कायद्याने सैल झाली होती. पुढे निव्वळ सहीवरही रकमा गेल्या. प्रेमचंद आणि त्यांच्या शिफारशीची माणसे मोठ्या कर्जदारांत होती; त्यांचा दोष इथे आहे, तो झाकण्यात अर्थ नाही.

तिसरी, वायदा. आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर १ जुलै १८६५ला द्यायचे-घ्यायचे. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला, युद्ध संपत आल्याची ती बातमी आली आणि कापूस घसरला. वायद्याच्या दिवशी घेणाऱ्याकडे पैसे नव्हते. त्याच्याकडून येणाऱ्या पैशांवर दुसऱ्याचे देणे अवलंबून, त्याच्यावर तिसऱ्याचे. एक जण चुकला की रांग कोसळते. बॅक बेचा शेअर २,०००च्या खाली गेला. बँक ऑफ बाँबेचा २,८५०ला पोचलेला शेअर ८७ला आला. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळून त्याच नावाने नवी उभारावी लागली.

प्रेमचंद मात्र पळाले नाहीत. मुंबईतच पुन्हा दलाली केली. १८७५ मध्ये दलालांची जी संघटना झाली, म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार, तिच्या संस्थापकांत ते होते. १९०६ मध्ये वारले.

राजाबाई अंध होत्या, चोविहारासाठी (सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याच्या जैन व्रतासाठी) वेळ कळावी म्हणून टॉवर बांधला, हे खरे का? (ठाणे)

आईचे नाव खरे. बाकीच्यावर आमचा विश्वास बसत नाही. प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला, टॉवर फोर्टात. मधे पाचेक किलोमीटर. शिवाय मनोरा पूर्ण व्हायला देणगीनंतर चौदा वर्षे गेली.

आईच्या नावे शाळेत शिष्यवृत्ती ठेवायची आहे. ५ लाख आहेत. कशी ठेवावी? (सातारा)

प्रेमचंदांचीच पद्धत घ्या. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी २ लाख दिले, ते व्याजावर चालण्यासाठी. त्यातून १८६६ पासूनची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती निघाली. आशुतोष मुखर्जी आणि शिवचरित्रकार जदुनाथ सरकार हे तिचे मानकरी.

दरवर्षी चेक देऊ असे ठरवू नका. धंदा बसला किंवा मुलांनी हात आखडला की शिष्यवृत्ती बंद. रक्कम एकदम द्या आणि देणगीपत्रात स्पष्ट लिहा : मूळ निधी कायम राहील, खर्च फक्त व्याजातून. हे वाक्य नसेल तर पैसे सर्वसाधारण खात्यात जमा होऊन छपराच्या दुरुस्तीत जातात. संस्थेच्या ठरावाची प्रत मागा, ठेव वेगळ्या खात्यात करायला लावा.

सगळे व्याज वाटू नका. ७ टक्क्यांनी ३५,००० येतील. २५,००० द्या, १०,००० मुद्दलात घाला, नाहीतर वीस वर्षांनी त्या रकमेत वह्याही येणार नाहीत. शिष्यवृत्तीचा आकडा पत्रात कायमचा बांधू नका. आणि अट फार अरुंद नको : ‘अमुक गावची, अमुक विषयात पहिली आलेली मुलगी’ असे लिहिले आणि एखाद्या वर्षी तशी मुलगी नसली, तर निधी पडून राहतो. ‘नसल्यास तालुक्यातली’ एवढे दोन शब्द जोडा.