विनोदी मालिकेतून कुमार कादंबरीकडे

प्रश्न : ‘द हंगर गेम्स’च्या लेखिका सुझान कॉलिन्स पूर्वी मुलांच्या विनोदी मालिका लिहीत असत, असे वाचनात आले. इतकी भीषण कादंबरी लिहिताना त्यांना त्या कामाचा काही उपयोग झाला असेल का? माझी मुलगी सहावीत आहे. तिने त्यांचे कोणते पुस्तक आधी वाचावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात नाट्यलेखन शिकलेल्या कॉलिन्स 1991 पासून अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी लिहीत होत्या आणि ‘क्लॅरिसा एक्सप्लेन्स इट ऑल’ या विनोदी मालिकेच्या लेखकांमध्ये त्या होत्या. पुढे बालसाहित्यिक जेम्स प्रोइमॉस यांनी एका मालिकेवर एकत्र काम करताना त्यांना पुस्तक लिहिण्याचा आग्रह केला. त्यांची पहिली कादंबरी, ‘ग्रेगर द ओव्हरलँडर’, 2003 मध्ये आली.

उपयोग म्हणाल तर तो फार मोठा झाला, असे मला मनापासून वाटते. मात्र तो विनोदापेक्षा बांधणीचा. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती लागण्यापूर्वी असे काही घडवावे लागते, की प्रेक्षक जागचा हलू नये. ‘द हंगर गेम्स’ (2008) तीन भागांची आहे, प्रत्येक भागात नऊ प्रकरणे. पुढच्या दोन्ही कादंबऱ्यांचीही मांडणी हीच. पहिल्याच प्रकरणाचा शेवट पाहावा. मुलांना एकमेकांचा जीव घ्यायला लावणाऱ्या सक्तीच्या खेळासाठी चिठ्ठी काढून नावे निवडली जात असतात. काचेच्या भांड्यातल्या हजारो चिठ्ठ्यांत बारा वर्षांच्या प्रिमच्या नावाची चिठ्ठी एकच असते, तिची थोरली बहीण कॅटनिस स्वतःच्याच नावाच्या धास्तीत उभी असते, आणि पुकारले जाते ते नेमके प्रिमचे नाव. प्रकरण तिथेच थांबते. लेखिका त्यावर एका शब्दाचेही भाष्य करत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी मागे सोडली. विनोदी मालिकेत भाग संपता संपता सगळे पूर्वपदावर येते. या कादंबऱ्यांत गेलेले माणूस परत येत नाही. वडील हवाई दलात होते आणि ते व्हिएतनामच्या युद्धावर गेले तेव्हा कॉलिन्स लहान होत्या, हे इथे ध्यानात घ्यावे.

आपल्या मुलीने आधी ‘ग्रेगर’ वाचावे. ‘हंगर गेम्स’साठी दोन-तीन वर्षे थांबलेले बरे. न्यूयॉर्कमधल्या इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीतून अकरा वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीसह जमिनीखालच्या जगात पडतो, तिथून या पाच पुस्तकांची कथा सुरू होते. युद्ध आणि मरण त्यातही आहे, पण ती दोन वर्षांची चिमुरडी अवाढव्य झुरळांशी ज्या सहजतेने गट्टी जमवते, ते वाचताना आपली मुलगी खळखळून हसेल.