पार्कात रेडिओ, हातात मोर्स की: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी बॅटरीवर चालणारा हॅम (म्हणजे हौशी) रेडिओ घेऊन पार्कात बसायचं आणि मोर्सवर बोलायचं, यावर एक पान लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले जे परत परत विचारलेत तेच इथे घेतलेत.

प्रश्न: दादा, लायसन्स मिळून वर्ष झालं. मोर्सची सगळी अक्षरं पाठ आहेत, पण समोरचा भराभर पाठवायला लागला की डोकंच बंद पडतं. अजून सहा महिने घरी प्रॅक्टिस करू आणि मग पार्कात जाऊ, असं ठरवलंय. बरोबर ना?

नाही हो, हे सहा महिने कधी संपत नाहीत, मी स्वतः त्यात दोन वर्षं घालवलीत. मोर्सवर निवांत गप्पा मारायच्या असतील तर वेगळी गोष्ट, तिथे समोरचा हवामानापासून गुडघेदुखीपर्यंत काहीही सांगेल आणि ते सगळं कानाने उचलावं लागतं. पण ‘पार्क्स ऑन द एअर’मधलं, म्हणजे पार्कात बसून रेडिओवर संपर्क करायचा आणि ते मोजायचा जो खेळ सगळे पोटा म्हणतात त्यातलं बोलणं ठरलेलं असतं. तुम्ही पाठवता सीक्यू (कोणी आहे का) पोटा, डीई (कडून), तुमचा कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं तुमचं नाव, आणि शेवटी के (बोला). कोणीतरी फक्त त्याचा कॉल साइन पाठवतो. तुम्ही तो परत पाठवून ५९९, म्हणजे ‘छान ऐकू येतंय’ असा रिपोर्ट देता, तो तुम्हाला रिपोर्ट देतो, टीयू (धन्यवाद), ७३ (शुभेच्छा), संपलं. पाऊण-एक मिनिटाचा मामला. यात अनोळखी असं एकच असतं, त्याचा कॉल साइन, आणि तो पहिल्यांदा नाही कळला तर प्रश्नचिन्ह पाठवा, तो परत पाठवेल, तिसऱ्यांदाही पाठवेल, कारण त्यालाच तुमचा पार्क हवा असतो!

आणि वेग तुमच्या हातात असतो हे लोक विसरतात. पार्कात बसलेला तो ॲक्टिव्हेटर, त्याला शोधणारे ते हंटर, आणि शिष्टाचार असा की हंटरने ॲक्टिव्हेटरच्या वेगाने उत्तर द्यायचं. तुम्ही मिनिटाला १२ शब्दांनी सीक्यू मारलात तर बहुतेक जण १२ वरच येतात. एखादा २५ ने येतोच, त्याला क्यूआरएस पाठवा, म्हणजे हळू. लाजायचं कशाला. आपली फजिती अशी होते की सीक्यू मारतो मेमरीतून झोकात २० ने आणि उत्तर आलं की घाम फुटतो, तर जेवढं ऐकता येतं तेवढ्यानेच पाठवा.

‘सगळी अक्षरं पाठ आहेत’ म्हणालात त्यात थोडी गडबड वाटते. कागदावरचे टिंब आणि रेघा पाठ केल्या असतील तर डोकं आधी ‘डाह डिट डाह डिट’ मोजतं, मग तक्त्यात शोधतं, मग सी सापडतो, तोवर पुढची दोन अक्षरं गेलेली असतात. अक्षर हे नादाने ओळखायचं असतं, जसं आवाजावरून माणूस ओळखतो तसं. त्यासाठी कॉखची पद्धत चांगली, दोनच अक्षरं पण पूर्ण वेगाने, ती साधारण ९० टक्के बरोबर यायला लागली की तिसरं. किंवा फार्न्सवर्थ, म्हणजे अक्षर वेगात पण दोन अक्षरांमधली जागा मोठी.

माझा पहिला दिवस सांगतो. ॲक्टिव्हेशन धरलं जायला एका यूटीसी (जागतिक प्रमाणवेळेच्या) दिवसात १० संपर्क लागतात, माझे झाले ७ आणि हात असा थरथरत होता की माझाच कॉल साइन मी दोनदा चुकीचा पाठवला. मला क्रेडिट मिळालं नाही, पण त्या सातही हंटरांना माझा पार्क मिळाला, त्यामुळे कोणाचं काही वाया गेलं नाही. दुसऱ्या वेळी २३ झाले. घरी बसून हे होत नाही.

प्रश्न: ५ वॅटमध्ये खरंच कोणी ऐकतं का? मित्र म्हणतो १०० वॅटशिवाय जाऊच नकोस.

मित्राला हिशोब दाखवा. १०० वॅटवरून ५ वॅटवर आलात तर १३ डेसिबल कमी होतात, आणि एक एस युनिट, म्हणजे सिग्नलच्या मीटरवरचं एक घर, ६ डेसिबलचं असतं. म्हणजे ऐकणाऱ्याच्या मीटरवर काटा दोन घरांपेक्षा जरासाच जास्त खाली येतो. एस ७ चा सिग्नल एस ५ च्या आसपास, जो मोर्समध्ये आरामात वाचता येतो.

मोर्समध्ये का, तर व्हॉइसला म्हणजे एसएसबीला साधारण २४०० हर्ट्झ रुंदी लागते, मोर्स १५० च्या आतबाहेर बसतं. समोरच्याने ५०० चा फिल्टर लावला तरी त्याच्याकडे येणारा गोंगाट जवळजवळ पाचपट कमी होतो, आणि तुमचे ५ च्या ५ वॅट एका सुरात जातात. शिवाय कान स्वतःच एक भारी फिल्टर आहे, ६०० हर्ट्झचा बारीक सूर तो खरखरीतून बरोबर वेचतो. व्हॉइसवर ५ वॅटने पार्क करणारे आहेत, पण त्यांना घसा खरवडावा लागतो.

कमी पॉवरचा खरा फायदा मात्र पाठीला होतो. ५ वॅट पाठवताना रेडिओ साधारण एक-सव्वा ॲम्पियर घेतो, नुसतं ऐकताना लहान रेडिओ ०.१ च्या आसपास. मोर्समध्ये की दाबलेली असते ती अर्ध्याहून कमी वेळ. सगळं धरून तीन तासांना एक-दीड ॲम्पियर-अवर, म्हणजे ३ ॲम्पियर-अवरची छोटी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नेलीत तर संध्याकाळपर्यंत चिंता नाही. १०० वॅटच्या रेडिओची बॅटरी उचलून बघा एकदा, मित्राला उचलायला सांगा.

प्रश्न: अँटेना कुठली? आमच्या पार्कात झाडाला दोरी बांधायला मनाई आहे.

मनाई असेल तर बांधायची नाही, रखवालदाराची नजर चुकवून तर अजिबात नाही, एकाच्या उद्योगाने पुढे सगळ्यांना दार बंद होतं.

दोन मार्ग आहेत. एक, फायबरग्लासचा घडीचा खांब आणि त्यावर उभी वायर. १४.०६ मेगाहर्ट्झला पाव तरंग साधारण ५ मीटर भरतो, तेवढी वायर उभी आणि खाली जमिनीवर तीन-चार वायरी पसरलेल्या, झालं काम. वायर अंदाजापेक्षा वीत-दोन वीत जास्त कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली त्याचं माप) बघत बघत छाटा, कारण जोडायला जिवावर येतं. दुसरा मार्ग, एका टोकाने फीड करायची हाफ-वेव्ह वायर. २० मीटर बँडला (१४ मेगाहर्ट्झ) सुमारे १० मीटर लांब, ४० मीटर बँडला (७ मेगाहर्ट्झ) सुमारे २०. टोकाला इम्पीडन्स काही हजार ओहम असतो म्हणून मध्ये ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लागतो. ही ४० मीटर बँडची, २० मीटर लांबीची वायर २०, १५, १० या बँडवरही चालते, म्हणून लोकांना आवडते. खांबाच्या टोकावरून दोन्हीकडे उतरती सोडली की झाडाची गरजच नाही.

वायर दिसेल अशी ठेवा, रंगीत फिती बांधा, पोरं पळत येतात. विजेच्या तारांपासून लांब, आणि ढग गडगडले की आवरायचं, ‘अजून एक संपर्क’ करत बसायचं नाही. खांब पाहून लोक मासे कुठे आहेत विचारणार, त्याची तयारी ठेवा. मी एक इअरफोन काढून समोरच्याला ऐकवतो, पाच मिनिटं जातात, पण संशयाने बघणारा माणूस हसून निघतो.

प्रश्न: मी तासभर सीक्यू मारला, एकही उत्तर नाही. रेडिओ बिघडला असेल का?

बिघडला नसेल, तुम्ही आहात हेच कोणाला कळलं नसेल. इथे मोर्सवाल्यांची चैन आहे. रिव्हर्स बीकन नेटवर्क म्हणून जगभर रिसिव्हर लावलेले असतात, ते सीक्यू आपोआप वाचतात आणि कोणी, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, किती वेगाने, किती डेसिबलने ऐकू आलं ते नेटवर टाकतात. पोटाच्या साइटवर आदल्या दिवशी शेड्यूल टाकून ठेवलंत तर तिथून तुमचा स्पॉट, म्हणजे तुम्ही कुठे ऐकू येताय याची नोंद, आपोआप लागतो, पार्कात मोबाइलला रेंज नसली तरी. रेंज असेल तर स्वतःचा स्पॉट स्वतः टाका, त्यात कमीपणा काही नाही. आणि नेटवर्कवर तुमचा कॉल दिसत असेल तर अँटेना धडधाकट आहे एवढं तरी कळलं.

तिथेही दिसत नसाल तर बँड बदला. दिवसा २० मीटर, संध्याकाळ कलली की ४०, हा ढोबळ नियम. ३० मीटरही विसरू नका, १०.१०० ते १०.१५० मेगाहर्ट्झ, तिथे व्हॉइसवाले नसतात त्यामुळे जरा शांतता असते. कुठेही सुरू करण्याआधी मिनिटभर ऐका आणि क्यूआरएल प्रश्नचिन्ह पाठवा, जागा रिकामी आहे का म्हणून.

स्पॉट लागला की उलट अडचण येते, सात-आठ जण एकदम तुटून पडतात आणि नुसती चिवचिव ऐकू येते. घाबरू नका. जेवढं कळलं, दोन अक्षरं का असेनात, तेवढीच प्रश्नचिन्ह लावून परत पाठवा, बाकीचे (बहुतेक) गप्प बसतात.

प्रश्न: ५९९ ऐवजी लोक ५एनएन पाठवतात ते काय?

आळस. नऊ म्हणजे चार डाह आणि एक डिट, एन म्हणजे एक डाह एक डिट.

प्रश्न: निघताना काय विसरू नये?

की! मी एकदा खांब, वायर, रेडिओ, बॅटरी, पाणी, टोपी सगळं नेलं आणि पॅडल, म्हणजे माझी मोर्स की, घरी टेबलावर. शेवटी इअरफोनची जुनी केबल कापली, रेडिओचा मोड स्ट्रेट कीवर टाकला आणि दोन उघड्या तारांची टोकं एकमेकांना टेकवत ११ संपर्क केले. ऐकणाऱ्यांना माझं मोर्स कसं वाटलं असेल देव जाणे. तेव्हापासून एक स्वस्तातलं पॅडल बॅगेतच शिवल्यासारखं असतं.

लॉगची वही आणि दोन पेन्सिली, मोबाइलवर लॉग करत असलात तरी. वेळ यूटीसीत लिहा आणि यूटीसीचा दिवस तुमच्या घड्याळात किती वाजता पालटतो ते आधी बघा, नाहीतर ६ संपर्क अलीकडे आणि ६ पलीकडे असं होऊन एकही ॲक्टिव्हेशन पदरात पडत नाही. घरी आल्यावर लॉगची एडीआयएफ (हॅम लॉगचा ठरलेला प्रकार) फाइल करून त्याच दिवशी अपलोड करा, हंटरांना स्वतःहून काही पाठवावं लागत नाही, त्यांचं क्रेडिट तुमच्या लॉगवरच अडकलेलं असतं.