कबुली दिली, तरी दुखणे का जात नाही?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना सहा वर्षांपासून संधिवात आहे. तरुणपणी त्यांनी धाकट्या भावाच्या वाट्याची वाडी फसवून स्वतःच्या नावावर करून घेतली होती. भाऊ आता हयात नाही. त्या पापामुळेच आपली बोटे वाकडी झाली, असे त्या म्हणतात. फादरांजवळ अनेकदा कबुली देऊनही त्यांना शांती नाही आणि या उपवासकाळात प्रायश्चित्त म्हणून त्यांनी गोळ्याही सोडल्या आहेत. पापामुळे आजार होतो व कबुलीने तो बरा होतो, अशी आपल्या धर्माची शिकवण आहे का?
– एक वाचक, वसई

उत्तर : गोळ्यांविषयी आजच त्यांच्या डॉक्टरांशी बोला, बाकीचे सारे त्यानंतर.

दडवलेले पाप शरीराला जाचते, हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. आपण गप्प राहिलो तेव्हा हाडे झिजली आणि उन्हाळ्यात ओल आटावी तसा जीवनरस आटला, असे 32 व्या स्तोत्राचा कर्ता सांगतो. मनातली बोच झोप उडवते, अन्नावरची वासना घालवते, आणि झोप नसली की सांध्यांचे दुखणेही अधिक जाणवते. म्हणूनच बायबलच्या नव्या करारात याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पातके एकमेकांजवळ कबूल करायला आणि बरे होण्यासाठी एकमेकांकरिता प्रार्थना करायला सांगतो.

परंतु प्रत्येक आजारामागे पाप असते, असे मात्र ख्रिस्ताने म्हटलेले नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा ‘दोघांचेही नाही’ असे त्याने स्पष्ट सांगितले. 1215 साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या धर्मसभेने, म्हणजे चौथ्या लॅटरन परिषदेने, वैद्यांना आज्ञा केली की, रोग्याला आधी धर्मगुरूला बोलावण्यास सांगावे. तिथेही आजार पापातून ‘कधी कधी’ उद्भवतो, एवढेच म्हटले आहे. हे दोन शब्द सासूबाईंना अवश्य वाचून दाखवा. शिवाय त्या परिषदेने वैद्याला घरी पाठवले नाही; आत्म्याची काळजी घेतल्यावर त्याने आपले औषध द्यावे, असेच तिला अभिप्रेत होते.

तुमच्या पत्रात मला अधिक काळजी वाटते ती ‘अनेकदा’ या शब्दाची. येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला 1522 साली स्पेनमधील मान्रेसा येथे राहत असताना अशाच अवस्थेतून गेले. सगळी कबुली देऊन झाल्यावरही काहीतरी राहून गेले, या शंकेने ते पुन्हा पुन्हा कबुलीला जात आणि जीव द्यावा असेही त्यांच्या मनात येई. अखेर देव शांती देईपर्यंत अन्नाला शिवायचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर काहीही खाल्ले नाही; हे कळताच त्यांच्या कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने उपवास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती पाळली. पुढे जुनी पापे पुन्हा कबूल करायची नाहीत, असा निश्चय केल्यावरच ते या छळातून सुटले. देवाने क्षमा केलेले पाप रोज उकरून काढणे आणि त्यापायी देहाला औषधावाचून ठेवणे, याला मी पश्चात्ताप म्हणणार नाही. सासूबाईंनी दर वेळी वेगळ्या फादरांकडे न जाता एकाच समंजस फादरांचा सल्ला घ्यावा आणि ते ‘पुरे’ म्हणतील तेव्हा थांबावे. त्यांची शंका तरीही शमली नाही, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात अश्रद्धा नाही.

एक गोष्ट मात्र कबुलीनेही मिटत नाही, ती म्हणजे वाडी. पापाची क्षमा झाली तरी ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई शक्य तेवढी करावी, अशी चर्चची शिकवण आहे. भाऊ गेला असला तरी त्याची मुले असतील, तर त्यांना भेटून जे घडले ते सांगता येईल आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव लावण्यासाठी वकिलाचा सल्लाही घेता येईल. याने बोटे सरळ होतील, असे वचन मी देऊ शकत नाही. संधिवात हा शरीराचा आजार आहे आणि त्याचे औषध चालूच ठेवावे लागेल. पण त्या भेटीला सासूबाई एकट्या जाऊ नयेत, तुम्ही त्यांच्यासोबत जावे.