तिला आत्याबद्दल खरं सांगा

पत्र :

ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची. दहावीला ब्याण्णव टक्के पडले म्हणून अकरावीला नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवली. जूनमध्ये हसत गेली. दिवाळीला आली ती वेगळीच होऊन. खोलीबाहेर येत नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते. काही बोललं की अंगावर येते, नाहीतर रडते. पोट दुखतं म्हणाली म्हणून सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. रूममधल्या दोघींनी तिला ग्रुपमधून काढलंय, एवढंच तोंडातून निघालं. आता लातूरला परत जायचंच नाही म्हणते. हे म्हणतात, मोबाईलने आणि मैत्रिणींनी पोरगी बिघडवली. सासूबाई म्हणतात, माझ्या लाडाने. परवा त्या तिच्या तोंडावरच बोलून गेल्या, "आत्यावर गेली ही." ताई, माझ्या नणंदेने बाविसाव्या वर्षी जीव दिला. घरात मात्र ती तापाने गेली असंच सांगतात, मुलीलाही तेच माहीत आहे. तेव्हापासून माझी झोप उडालीय, जेवण जात नाही. आमच्या दोघांची रोज वादावादी होते. हे रक्तात असतं का? की आमचंच काही चुकलं?
– एक आई, बीड जिल्हा

उत्तर :

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण एक काम त्याआधीचं आहे आणि ते आजच करायचं आहे. रात्री ती जागी असेल तेव्हा तिच्या खोलीत जा, शेजारी बसा आणि सरळ शब्दांत विचारा : "तुला जगणं नको असं वाटतं का? जीव द्यावा असा विचार मनात येतो का?" विचारताना तुमची जीभ अडखळेल. आपण विचारलं आणि नसलेला विचार तिच्या डोक्यात शिरला तर, ही भीती प्रत्येक आईला वाटते. पण तसं होत नाही, हे अभ्यासांतून तपासून झालेलं आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. ती 'हो' म्हणाली तर रडू नका, शपथा घालू नका. तिला एकटी ठेवू नका, घरातली औषधं आणि फवारणीची औषधं कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्रीबेरात्री काही सुचेनासं झालं तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास असते आणि मराठीतून बोलता येतं.

ती 'नाही' म्हणाली तरीही याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे, तिथे मनोविकार विभागाची ओपीडी असते. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. या वयातलं नैराश्य बऱ्याचदा उदास चेहऱ्याने येत नाही. ते चिडचिड होऊन येतं, पोटदुखी होऊन येतं. सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणून तिचं दुखणं खोटं ठरत नाही.

आता रक्ताचं. हो, आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून नैराश्याच्या बाबतीत हा वाटा साधारण 37 टक्के निघतो. हा आकडा ऐकून पुष्कळजण घाबरतात, कारण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. तुमच्या मुलीच्या दुःखातला 37 टक्के भाग आत्याचा आणि उरलेला तिचा, असं त्यातून म्हणायचं नसतं. माणसामाणसांत नैराश्याच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांमुळे पडतो, एवढंच तो आकडा सांगतो. एकाच मुलीपुरती त्याची फोड करताच येत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला नैराश्य आलं म्हणून दुसऱ्याला येतंच असं नाही. आत्या आणि भाची यांच्यात तर जनुकांचा साधारण चौथा हिस्सा सामाईक असतो. शिवाय 'नैराश्याचं जनुक' असं एकच काही नसतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात याच्याशी जोडलेल्या डीएनएमधल्या 44 जागा सापडल्या आणि त्यातल्या एकेकीचा परिणाम अगदी किंचित होता. म्हणजे तुमच्या नणंदेचं नशीब पिशवीत बांधून कुणी तुमच्या मुलीच्या हाती दिलेलं नाही. घरात शुगर असेल तर आपण मुलांची तपासणी लवकर करतो ना? तेवढ्यासाठीच हा इतिहास उपयोगी आहे. डॉक्टरांना तो पहिल्याच भेटीत सांगा, त्यांच्यापासून लपवू नका.

दुसरं म्हणजे रक्त आणि घर ही दोन वेगळी खाती नाहीत. हळव्या स्वभावाचं पोर लवकर रडतं, म्हणून जास्त बोलणी खातं, म्हणून आणखी हळवं होतं. यात स्वभाव कुठे संपला आणि घर कुठे सुरू झालं, ते कुणालाच सांगता येणार नाही. मैत्रिणी, तुमचे लाड आणि आत्या यांच्यात तुम्ही तिघं एकच आरोपी शोधताय. या शोधातून तुमच्या हाती काही लागणार नाही, आणि ती मुलगी भिंतीपलीकडून सगळं ऐकते आहे.

मैत्रिणींचं मात्र हलक्यात घेऊ नका. "ग्रुपमधूनच तर काढलं, त्यात काय एवढं" असं तिच्या बाबांना वाटेल. पण ती सोळा वर्षांची आहे आणि घरापासून लांब होती. ज्या खोलीत झोपायचं, ज्या मेसमध्ये जेवायचं, तिथल्याच दोघींनी तिला वाळीत टाकलं. आपल्याकडे वाळीत टाकणं ही गावाने द्यायची सगळ्यात मोठी शिक्षा होती, हे आठवा. त्यात दर आठवड्याची टेस्ट आणि तिचा रँक. दहावीपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलगी तिथे जाऊन अनेकांतली एक झाली, हा धक्काही असतोच. तिला एखादी जुनी, गावातली मैत्रीण असेल तर तिला घरी बोलवा. एक चांगली मैत्रीण पुष्कळ झाली. फक्त दोघी दिवसभर त्याच त्या जखमेवर बोलत बसल्या आहेत का, याकडे लक्ष असू द्या. अमांडा रोझ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला. एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या मैत्रीत जवळीक वाढते, पण त्यासोबत उदासीही जास्त असते, असं त्यांना दिसलं. म्हणून दोघींना बाजारात पाठवा, शेतात पाठवा, काहीतरी करायला द्या.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : "माझी झोप उडालीय, जेवण जात नाही." ताई, तुम्हीसुद्धा तपासून घ्या. हे मुलीसाठीच सांगते आहे. 2006 साली अमेरिकेत नैराश्याचे उपचार घेणाऱ्या आयांच्या मुलांकडे पाहिलं गेलं. ज्या आयांचं नैराश्य तीन महिन्यांत ओसरलं, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक आजारांचं प्रमाण कमी झालं. ज्यांचं ओसरलं नाही, त्यांच्या मुलांमध्ये ते वाढलं. आईने स्वतःकडे बघणं याला आपल्याकडे स्वार्थ म्हणतात, त्याचा मला राग येतो. मुलीसोबत जाल तेव्हा स्वतःचाही केसपेपर काढा. आणि नवऱ्याशी भांडायचं झालंच तर मुलीवरून तिच्या कानावर पडेल असं भांडू नका. ते लगेच शांत होणार नाहीत. पण त्यांची बहीण गेली तेव्हा तेही तरुणच असणार. आज मुलीत तिची सावली दिसल्यावर त्यांच्या मनात काय होत असेल? मोबाईलवर राग काढणं त्यांना सोपं जातंय. एकदा दोघंच असताना त्यांना त्यांच्या बहिणीबद्दल विचारून बघा.

लातूरचं आत्ता ठरवू नका. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तिला घरीच राहू द्या. नीटची परीक्षा एखादं वर्ष उशिराही देता येते, आणि नाहीच दिली तरी चालेल. "लोक काय म्हणतील", "पुढे लग्नाला अडचण येईल" असं सासूबाई म्हणतीलच. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. त्यांनी एक लेक गमावली आहे, आणि त्या बोलतात ते बहुतेक त्या भीतीपोटी. पण "आत्यावर गेली" हे वाक्य पुन्हा मुलीसमोर नको, एवढं मात्र त्यांना हात जोडून आणि ठामपणे सांगा.

कारण त्या वाक्यामागचं खरं तिला तुमच्याकडूनच कळायला हवं. एवढी मोठी मुलगी "तापाने गेली" यावर किती दिवस विश्वास ठेवेल? गावात कुणीतरी सांगेल, किंवा सांगूनही झालं असेल. आमच्याही घरात एका काकांचा फोटो होता आणि त्यांच्याबद्दल विचारलं की सगळे उठून जायचे. मला खरं कळलं तेव्हा मी तिशीची होते. काका कसे गेले याच्यापेक्षा, हे बोलायचं नसतं असं मी इतकी वर्षं शिकत होते, याचं मला जास्त वाईट वाटलं. तुमच्या मुलीलाही बोलायचं आहे आणि घराने तिला गप्प बसायला शिकवलं आहे.

डॉक्टरांची एक-दोनदा भेट झाली, ती जरा सावरली की त्यांना विचारून सांगा. फार शब्द लागत नाहीत. "आत्या आजारी होती. तो मनाचा आजार होता आणि तेव्हा आम्हाला कुणालाच तो कळला नाही. तिने जीव दिला. तुझं आम्हाला कळलंय, म्हणून आपण डॉक्टरांकडे जातोय." कसा दिला, हे सांगायची गरज नाही. ती विचारेल त्याचं खरं उत्तर द्या, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि आत्या फक्त शेवटच्या दिवसापुरती सांगू नका. ती कशावर हसायची, तिला काय चांगलं जमायचं, भावाशी कशी भांडायची, हे तिच्या बाबांना सांगू द्या. ट्रंकेत फोटो असेल तर तोही बाहेर काढा.

अंबाजोगाईला जाऊन आलात की मला दोन ओळी लिहा. मी वाट बघते आहे.

तुमची,
ताई