एक्सपीएस मिळत नसेल तर: फ्रिजच्या पॅकिंगमधून डन्जनच्या टाइल

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या खेळासाठी फरशी-भिंतींचे सुटे तुकडे, म्हणजे टाइल, करायच्या आहेत, पण वणीकडे त्यासाठीचा गुलाबी-निळा एक्सपीएस नावाचा घट्ट फोम मिळत नाही, ऑनलाइन मागवला तर फोमपेक्षा कुरिअर महाग पडतं. साध्या थर्माकोलच्या टाइलवर काळा स्प्रे मारला तर तिला खड्डे पडले. आणि ज्या टाइल वाचल्या त्यांच्या कडा मे महिन्यात वर उचलल्या. एक्सपीएससाठी नागपूरला चक्कर मारू का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: फक्त त्यासाठी जाऊ नका. टाइल किती टिकते हे आतल्या फोमवर कमी ठरतं, तिच्या तळावर आणि वरच्या थरावर जास्त. हे दोन्ही तालुक्याच्या गावात मिळतं.

आधी फरक समजून घ्या. थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही पॉलिस्टायरीनच. थर्माकोलमध्ये फुगवलेले मणी वाफेने एकमेकांना चिकटवलेले असतात. एक्सपीएस यंत्रातून सलग पट्टा काढून बनतो, म्हणून त्यात मणी नसतात. परदेशातले व्हिडिओवाले पेन्सिलीने थेट फोमवर फरशीच्या रेघा मारतात, त्या एक्सपीएसवर जमतात. थर्माकोलवर तेच केलं तर मणी उखडतात. त्यामुळे त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलायची नाही, क्रम बदलायचा. आपल्याकडे दगडाचा पोत फोममध्ये नसतो, वरच्या थरात असतो.

थर्माकोल विकत घेऊ नका. २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर सजावटीच्या पातळ शीट दुकानांतून कमी झाल्या, आणि त्या तशाही ठिसूळच होत्या. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनच्या खोक्यातलं पॅकिंग घ्या. त्याचे मणी बारीक आणि घट्ट असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराला तो कचराच असतो, दिवाळीनंतर मागा. बोटाने दाबून बघा, खळगा लगेच पडला तर तो तुकडा खेळातल्या पडक्या भिंतींच्या ढिगाऱ्यासाठी बाजूला ठेवा.

तळ सनबोर्डचा, म्हणजे जाहिरातीच्या पाट्यांसाठी वापरतात त्या ताठ प्लास्टिक बोर्डचा. फ्लेक्स छापणाऱ्याकडे ३ मिलिमीटरच्या सनबोर्डच्या कातरणी पडून असतात. बरेच जण पुठ्ठा वापरा म्हणतात. आपल्याकडे नका वापरू, पावसाळ्यात तो फुगतो आणि मातीच्या घरात त्याला वाळवी लागते. तुमच्या टाइलच्या कडा उचलल्या त्याचं कारण मात्र नुसतं ऊन नाही. वरच्या बाजूला लावलेला थर वाळताना आकसतो आणि पातळ फोमला आपल्याकडे ओढतो. खाली ताठ तळ असला की ही ओढ जिरते.

सनबोर्ड कटरनेच कापा, तापलेल्या तारेने कधीच नाही. तो पीव्हीसी असतो आणि तापल्यावर आम्लाची वाफ सोडतो. थर्माकोल तारेने कापायला हरकत नाही, पण ओसरीत किंवा अंगणात बसून, लेकरं जवळ नसताना. त्याचाही धूर श्वासात घेण्यासारखा नाही.

तारेचं यंत्र घरी होतं. साधारण ०.४ मिलिमीटर जाडीची नायक्रोम तार (हीटरमध्ये तापते ती) इलेक्ट्रिक दुरुस्तीवाल्याकडे मिळते. वीतभर तुकडा लाकडी चौकटीत ताणून बांधा. वीजपुरवठ्याला फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी. मात्र तार थेट बॅटरीला जोडली तर लालबुंद होऊन तुटते, म्हणून सर्किटमध्ये मोटरसायकलच्या हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब ओळीने (सिरीजमध्ये) घाला. मग करंट दोन अँपिअरच्या आसपास राहतो आणि तार लाल न होता कापते. घरातल्या लाइनचा करंट या तारेत कुठल्याही जुगाडाने सोडू नका. आणि फवारणीच्या दिवसांत बॅटरी आधी शेताला, हे घरच्यांशी ठरवून घ्या.

जाडी सगळ्या टाइलना एकच हवी. इथे ढिलाई केली तर बाकी सगळी मेहनत वाया, खेळातल्या योद्ध्यांच्या छोट्या मूर्ती सांध्यावर डगमगतात. पाटावर अर्ध्या इंचाच्या दोन लाकडी पट्ट्या समांतर ठोका, मधे थर्माकोल ठेवा आणि ताणलेली तार पट्ट्यांवर टेकवून सरळ पुढे न्या. हात हळू आणि एकसारखा चालवा, थांबलात की तिथे खाच पडते.

माप: डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये नकाशावरचा १ इंच म्हणजे खेळातले ५ फूट. मुख्य टाइल ६ बाय ६ इंच, म्हणजे ३० फुटांची खोली. जोडीला ३ बाय ६ आणि ३ बाय ३ चे तुकडे. मोठ्या टाइल करायचा मोह होतो, पण त्या प्रत्येक खेळात एकाच जागेसारख्या दिसतात. भिंती फरशीला चिकटवू नका. सुट्या ठेवल्या की टाइल एकावर एक रचता येतात. भिंतींची उंची मी एका इंचाच्या वर जाऊ देत नाही. उंच भिंती फोटोत झकास दिसतात, पण टेबलापलीकडच्या गड्याला आपलाच योद्धा दिसत नाही.

चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल. चपलेचं किंवा पंक्चरचं सोल्युशन थर्माकोल विरघळवतं, स्प्रेच्या डब्यातला सॉल्व्हंटही तेच करतो, म्हणून तुमच्या टाइलला खड्डे पडले. सनबोर्ड गुळगुळीत असतो, त्यातून पाणी बाहेर जायला वाट नसते, त्यामुळे फेव्हिकॉल वाळायला वेळ घेतो. बोर्ड आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा, फेव्हिकॉल पातळ पसरा, वर विटा ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. तारेने कापलेली थर्माकोलची बाजूही वितळून गुळगुळीत झालेली असते. तीसुद्धा घासा, नाहीतर पुढचा थर पापुद्रा होऊन निघतो.

आता तो थर, सगळी गंमत त्यातच आहे. भिंतीला लावतात ती पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी घ्या. दोन भाग पुट्टी, एक भाग फेव्हिकॉल, आणि पिठल्याइतकं घट्ट होईल एवढंच पाणी. नुसती पुट्टी ठिसूळ होते, फेव्हिकॉलमुळे तिला लवचिकपणा येतो. पहिला हात पातळ द्या, मण्यांमधल्या फटी बुजवण्यापुरता, आणि बाजूच्या कडाही झाका. तो वाळला की दुसरा हात दोनेक मिलिमीटरचा. हा अर्धवट सुकला, बोटाला चिकटत नाही पण नख रुततं, अशा वेळी छत्रीच्या काडीने फरशीच्या रेघा ओढा. मग ओला केलेला खडबडीत काळा दगड वरून ठिकठिकाणी दाबा. दगड कोरडा असेल तर पुट्टी उचलून आणतो. ॲल्युमिनिअम फॉइलचा चुरगळलेला गोळाही चालतो, पण आपल्याकडे बेसाल्ट पायाखाली पडलेला असताना फॉइल कशाला?

हे काम उन्हाळ्यात दुपारी करू नका. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पुट्टीतलं पाणी सिमेंट घट्ट व्हायच्या आधीच उडतं, थराला तडे जातात आणि वर पीठ सुटतं. संध्याकाळी सुरू करा, सावलीत वाळवा, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने एकदा हलकं पुसून घ्या. पुट्टी हाताची कातडी कोरडी पाडते, हातमोजे घाला.

रेघा कशा ओढायच्या हे कुठली इमारत दाखवायची त्यावर ठरतं. युरोपातल्या किल्ल्यांच्या नकला खूप झाल्या, राजेहो. हेमाडपंती देवळात मोठे घडीव दगड चुन्याशिवाय बसवलेले असतात, तिथे दगड मोठे आणि सांधे अगदी बारीक. किल्ल्याच्या तटाला दगड लहान-मोठे, सांधे खोल आणि वेडेवाकडे. मेळघाटातला गाविलगड तर तयार डाव आहे. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने बाहेरच्या तटाला पाडलेल्या खिंडारातून आत शिरकाव केला, पण आतला तट शाबूत होता. शेवटी शिड्या लावून त्यावर चढावं लागलं आणि मग दार उघडलं. दोन उंचीच्या तटाच्या टाइल आणि मधे दरीची एक पट्टी केली की हा प्रसंग टेबलावर खेळता येतो. फक्त या एका डावासाठी मी उंच भिंती मान्य करेन.

रंगाला महागड्या बाटल्या नकोत. रंगाच्या दुकानातला काळा स्टेनर (पांढऱ्या रंगात मिसळायचा घट्ट रंग), फेव्हिकॉल आणि पाणी यांचा पहिला हात, रेघांच्या आतपर्यंत. त्यावर पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर मिसळून करडा रंग करा. ब्रश बुडवून रद्दीवर जवळजवळ पूर्ण पुसा आणि उंचवट्यांवरून नुसता फिरवा. दुसऱ्यांदा आणखी फिका, आणखी कमी. बेसाल्टला नुसता करडा रंग खोटा वाटतो, कडांना थोडा गंजासारखा तपकिरी हवाच.

सजावटीत तर विदर्भ श्रीमंत आहे. कूलरच्या जुन्या ताट्यांतलं लाकडी गवत कापून लावलं की पडक्या भिंतीवरच्या वाळलेल्या वेली होतात. आरामशिनीवरचा भुसा चाळून हिरव्या रंगात घोळवून वाळवला की गवत. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, मूळ उलटं रोवलं की निष्पर्ण झाड. बोंडं असलेली पऱ्हाटी मात्र घरात आणू नका, त्यात गुलाबी बोंडअळी दडलेली असते. जमिनीसाठी चाळलेला मुरूम उत्तम. काळी माती फेव्हिकॉलवर टाकली तर वाळताना आकसून भेगाळते, त्यामुळे कोरड्या तळ्यासाठी ती मुद्दाम वापरा, इतर ठिकाणी नको.

टाइल टेबलावर सरकू नये म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावा. इथे सोल्युशन चालतं, कारण खाली सनबोर्ड आहे, फक्त ते कडेवरून थर्माकोलपर्यंत ओघळू देऊ नका. ठेवायला लोखंडी पेटी, कारण उंदीर थर्माकोल कुरतडून त्यात घर करतात. पेटी टिनाच्या छताखाली माळ्यावर नको, बंद गाडीत डॅशबोर्डवर तर मुळीच नको. काळा रंग ऊन ओढतो आणि पॉलिस्टायरीन साधारण ८० अंशांच्या पुढे आकसायला लागतं. कापल्यावर उरलेले मणी चुलीत घालू नका, उकिरड्यावरही नको, बकऱ्या खातात. ते पुट्टीत कालवून ढिगाऱ्याचे तुकडे करा.

नदीच्या टाइलसाठी रेझिन (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रसायन) ओतू का, असंही विचारलं होतंत. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोल खातं. इपॉक्सी खात नाही, पण जाड ओतलं तर घट्ट होताना तापतं आणि फोम बसतो. त्यापेक्षा पात्र पुट्टीने पूर्ण बंद करा, मधे गडद हिरवा, काठाला मातकट रंग द्या, आणि वर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात मारा. प्रत्येक हात पारदर्शक झाल्याशिवाय पुढचा नको. पावसाळ्यात त्याला दिवसच्या दिवस लागतात, म्हणून नदी हिवाळ्यात करायला घ्या.