‘बेंच’वर बसणे म्हणजे काय?

प्रश्न : बेळगावात अभियांत्रिकी झालेली माझी मुलगी पुण्यातील एका आयटी सल्लागार कंपनीत असून दोन महिने ‘बेंच’वर आहे. पगार मिळतो, पण काम नाही. काळजी करावी का?
– एक पालक, खानापूर

उत्तर : बेंच म्हणजे दोन प्रकल्पांमधला बिनकामाचा काळ; ती शिक्षा नव्हे. अशा कंपन्या मुख्यतः माणसांचे तास ग्राहकाला विकतात. त्यामुळे एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंतचा पगार कंपनीच्या खिशातून जातो आणि हा काळ लांबला की वरिष्ठांचा सूर बदलू लागतो. तेव्हा मुलीने नुसती वाट न पाहता प्रकल्पप्रमुखांना स्वतः भेटावे, आणि बंगळूरच्या चमूत जागा असल्यास आपल्याला कन्नड येते हेही सांगावे (सीमाभागातली मुले हे उगाच लपवतात).

खरी ओढाताण काम मिळाल्यावर सुरू होते. ग्राहक अमेरिकेतला असेल, तर त्याच्याशी कॉल त्याच्या सकाळी होतो; न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३० आणि हिवाळ्यात ७:३० झालेले असतात. शुक्रवारी टाइमशीट (आठवड्यातील कामाच्या तासांची नोंद) भरून, बॅग पायाशी ठेवून मी असा कॉल ऐकत बसलो आणि बेळगावची गाडी निघून गेली, असे अनेकदा घडले आहे. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी ग्राहक कोणत्या देशातला, हे तिला जरूर विचारावे.